राजीनामा: ऑरव्हिल यांजकडून, ऑरव्हिल यांस

ऑरव्हिल लिंडगार्डला राग आला की आधी त्याचे कान लाल होतात, मग आवाज बारीक होतो, आणि आवाज ऐकू येईनासा झाला की समोरच्याने आपली खुर्ची मागे घ्यावी. जानेवारीतल्या त्या रविवारी दुपारी टॅमरॅक सायडिंग गावच्या कर्लिंग क्लबच्या माडीवर कुणी खुर्ची मागे घेतली नाही, कारण कुणाला कानच दिसले नाहीत. बाहेर उणे एकतीस होतं, माडीवरचा हीटर बंद होता आणि कार्यकारिणीचे उरलेले पाचही सदस्य कोट, टोपी, हातमोजे यांत गुरफटून बसले होते. हीटर दुरुस्त करायचा ठराव नोव्हेंबरातच झाला होता. त्यासाठी उपसमिती नेमली होती. ती कार्यकारिणीतल्या एकाच माणसाची होती आणि तो माणूस डिसेंबरात घर विकून ॲरिझोनाला ऊन खायला निघून गेला होता.

विषय होता फळ्याचा. खाली, बर्फावरून जड दगड नेम धरून घसरवत कर्लिंग खेळतात त्या पट्ट्यांच्या टोकाला, भिंतीवर, गुण लावायचा लाकडी फळा होता. त्यावर खिळे, आणि खिळ्यांना अडकवायच्या आकड्यांच्या पाट्या, अर्ध्या लाल, अर्ध्या पिवळ्या. त्या पाट्या एल्सीने रंगवलेल्या होत्या. एल्सी म्हणजे ऑरव्हिलची बायको. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. शेवटचा संच तिने अंथरुणात उशांना टेकून रंगवला, त्यामुळे त्यातला लाल आठ जरासा डावीकडे कललेला आहे. एकोणीस वर्षं क्लबचा सेक्रेटरी असलेला ऑरव्हिल दर शनिवारी सामने संपले की पाट्या उतरवून फडक्याने पुसायचा आणि आठ सर्वांत शेवटी पुसायचा. हे कुणाला माहीत नव्हतं आणि कुणाला सांगायची त्याची इच्छाही नव्हती.

क्लबचा अध्यक्ष ग्लेन मॅकवर्टर याचं ट्रॅक्टरचं दुकान. त्याने क्लबला विजेचा फळा भेट द्यायचं ठरवलं होतं. आकडे आपोआप बदलणार, आणि वरच्या बाजूला ग्लेनच्या दुकानाचं नाव उजवीकडून डावीकडे अखंड पळत राहणार. गुण शून्य असले तरी नाव पळणार.

"आणि जुना फळा?" ऑरव्हिलने विचारलं.

"तो होय? लाकूड चांगलं वाळलंय," ग्लेन म्हणाला. "उन्हाळ्यात शेकोटीला होईल."

ऑरव्हिल उठला. कोटाच्या खिशात क्लबच्या किल्ल्यांचा जुडगा होता. हातमोजा घालून खिशातून किल्ल्या निघत नाहीत, म्हणून त्याने उजवा हातमोजा ओढून काढला. पण तळपायाची आग मस्तकात गेलेल्या माणसाला किल्ल्या सापडत नाहीत. तेव्हा त्याने तोच उघडा हात ग्लेनच्या नाकासमोर नेला आणि जेवढा उरला होता तेवढ्या आवाजात तो म्हणाला, "मी राजीनामा देतो!"

ग्लेन चटकन उठला. त्याने स्वतःचा हातमोजा काढला, ऑरव्हिलचा हात दोन्ही हातांत घेतला आणि गदागदा हलवला. "छान खेळलास, ऑरव्हिल," तो म्हणाला. पोस्ट सांभाळणारी नेटी कोवाल्चुक म्हणाली, "छान खेळलास." पेट्रोल पंपवाला स्टॅन झोपला होता, तो जागा होऊन म्हणाला, "छान खेळलास. कोण जिंकलं?"

ऑरव्हिल जिना उतरून तरातरा निघून गेला. बर्फावरून माणसाला तरातरा जाता येत नाही, पण त्याने जमवलं.

घरी येऊन तो फोनशेजारी बसला. आता एकोणीस वर्षं राबलेल्या माणसाने राजीनामा दिल्यावर पुढे काय होतं, याचा जगभर एक शिरस्ता आहे. आधी फोन येतो. मग दोघंतिघं घरी येतात. "असं काय करतोस, तुझ्यावाचून क्लब कसा चालायचा" वगैरे म्हणतात. आपण दोनदा नाही म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा काय म्हणायचं, हे ऑरव्हिलने मनात घोळवूनही ठेवलं होतं. सोमवारी फोन वाजला नाही. मंगळवारी वाजला, पण तो मुलीचा होता. "बाबा, इतक्या घाईने का उचललात? काय झालं?" तिने विचारलं. काही झालं नाही, असं तो तिच्यावर खेकसला.

शेजारचा ड्वेन बर्फ उपसायचं यंत्र घेऊन फाटकाशी आला. ड्वेनने आयुष्यात कर्लिंगचा दगड हातात धरलेला नाही, त्यामुळे त्याच्यापाशी सल्ला भरपूर.

"राजीनामा मागे घे," तो म्हणाला.

"का घेऊ?"

"मग नको घेऊस. वकील गाठ."

"वकील कशाला? क्लब आहे तो!"

"माझ्या मेव्हण्यानेही असंच म्हटलं होतं," ड्वेन मान हलवत म्हणाला. मेव्हण्याचं पुढे काय झालं, ते त्याने सांगितलं नाही. यंत्र सुरू करून त्याने अर्धा बर्फ ऑरव्हिलच्या दारात उडवला.

चौकातल्या खानावळीत तर कहर होता. जो तो येऊन पाठीवर थाप मारत होता. "मोठं मन दाखवलंस." "खेळाडू असावा तर असा." कुणी विचारीना, का सोडलंस, कुणी म्हणेना, सोडू नकोस. आपल्या जाण्याने गाव इतकं खूश होईल हे ऑरव्हिलला ठाऊक असतं, तर त्याने रागावण्याची तसदी घेतली नसती.

बुधवारी विल्मा फ्रीसेनचा फोन आला. विल्मा चाळीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळून निवृत्त झालेली. कार्यकारिणीत तिचं काम एकच: सभांच्या नियमांचं विटेएवढं जाड पुस्तक मांडीवर घेऊन बसणं.

"ऑरव्हिल, तुझा राजीनामा झालेला नाही."

ऑरव्हिलच्या छातीत हलकं वाटलं. आली एकदाची विनवणी! "हे बघ विल्मा, मी आता ठरवलंय..."

"तू काय ठरवलंयस याच्याशी नियमाला कर्तव्य नाही. राजीनामा ही विनंती असते. 'मला या कामातून मोकळं करा' अशी. ती कार्यकारिणीने मंजूर करावी लागते. आणि आपल्या घटनेत तोंडी चालत नाही. लेखी हवी, सेक्रेटरीच्या नावे."

"सेक्रेटरी मीच आहे."

"म्हणून तर तुला कळवतेय."

"आणि रोलंड गेला तेव्हा? त्याने कुठे लेखी दिलं होतं?" रोलंड हा कार्यकारिणीचा सातवा सदस्य, सप्टेंबरात वारला.

"मरण हा एकच राजीनामा असा आहे, ऑरव्हिल, की त्याला मंजुरी लागत नाही," विल्मा म्हणाली. तिच्या आवाजात त्या तरतुदीबद्दल किंचित नाराजी होती.

संतापाच्या भरात ऑरव्हिलने सहा पानं लिहिली. पहिल्या पानावर ग्लेनचे ट्रॅक्टर, दुसऱ्यावर ग्लेनचा खेळ, तिसऱ्यावर ग्लेनचे वडील. मग त्याच्या लक्षात आलं, की सेक्रेटरी या नात्याने हे सगळं सभेत आपल्यालाच मोठ्याने वाचून दाखवायचंय. त्याने पानं फाडली आणि दोन ओळी लिहिल्या. "प्रिय ऑरव्हिल, मला सेक्रेटरीपदातून आणि कार्यकारिणीतून मोकळं करावं. आपला, ऑरव्हिल." पाकिटावर दोन्हीकडे आपलंच नाव घालून तो पोस्टात गेला. स्वतःच्या हाताने स्वतःला पत्र देणं त्याच्या शिस्तीत बसत नव्हतं.

नेटीने पाकीट उलटसुलट पाहिलं. "पाठवणारा तू, घेणारा तू. मधे मी कशाला रे?"

"शिक्का मार."

तिने शिक्का मारला. मग पाकीट त्याच्या हातात न देता ती आत गेली, पलीकडून ते पोस्टातल्याच त्याच्या टपालपेटीत सारलं आणि परत खिडकीशी येऊन म्हणाली, "तुझं पत्र आलंय बघ."

ऑरव्हिल पेटी उघडत होता तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "पण तू रविवारी हात पुढे केलास ते बरं केलंस हं. ग्लेन म्हणाला, आता फळ्याला कुणाचा विरोध राहिला नाही. पुढच्या सभेत दोन मिनिटांत उरकेल."

ऑरव्हिलची किल्ली पेटीतच अडकून राहिली.

आता हे काय झालं होतं, ते या गावातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. कर्लिंगमध्ये आपण हरतोय असं दिसलं, की शेवटपर्यंत ताणत बसायचं नसतं. हातमोजा काढायचा आणि समोरच्यापुढे उघडा हात करायचा. खेळ तिथेच संपला. मग त्या माणसाला कुणी आग्रह करत नाही, कारणं विचारत नाही, ते असभ्य. म्हणायचं फक्त "छान खेळलास". आणि ऑरव्हिलने सगळ्यांदेखत हातमोजा काढून अध्यक्षापुढे उघडा हात केला होता. गावाच्या लेखी त्याने राजीनामा दिलाच नव्हता. ऑरव्हिल फळा हरला होता.

"मी किल्ल्या शोधत होतो!" तो ओरडला. या खेपेला आवाज पुरेसा होता. रांगेतल्या म्हातारीने खुर्ची नसतानाही दोन पावलं मागे घेतली.

"आता हात दिलास तो दिलास बाबा," नेटी म्हणाली.

तिथून तो तडक विल्माकडे गेला. हात मिळवण्याबद्दल पुस्तकात काही आहे का, असं त्याने विचारलं. विल्माने सूची पाहिली. काही नव्हतं.

"म्हणजे फळा अजून शाबूत आहे," ती म्हणाली. "तू निघून गेलास तेव्हा आम्ही चारच उरलो. सातांच्या कार्यकारिणीला कोरम पाचांचा. एक वारला, एक ॲरिझोनात, राहिलो पाच. तू आलास तर कोरम होतो आणि ग्लेन फळ्याचा ठराव मांडतो. स्टॅन आणि नेटी त्याच्या बाजूचे."

"मग मी येतच नाही."

"नको येऊस. पण मग तुझा राजीनामाही मंजूर होणार नाही. त्यालाही कोरम लागतो. आणि तोवर सेक्रेटरी तूच, तेव्हा सभेच्या नोटिसा तूच काढायच्या."

पुढचे दोन रविवार ऑरव्हिलने स्वतः नोटिसा काढून बोलावलेल्या सभांना जायचं टाळलं. जायचं टाळून, सोमवारी विल्माकडून हकीकत घेऊन, इतिवृत्ताच्या वहीत त्याने स्वतःच्या नेटक्या अक्षरात लिहिलं: "सेक्रेटरी विनाकारण गैरहजर. कोरमअभावी सभा तहकूब." 'विनाकारण' हा शब्द ग्लेनचा. तो लिहिताना ऑरव्हिलच्या पेनाने कागद फाटला.

इकडे गावाचा नूर पालटला. फेब्रुवारीच्या अखेरीस क्लबची मोठी स्पर्धा असते. आसपासच्या तीस गावांचे संघ येतात, तीन दिवस खालचं स्वयंपाकघर पेटलेलं राहतं. तिच्या तारखेला कार्यकारिणीची मंजुरी लागते, आणि कार्यकारिणीला लागत होता ऑरव्हिल. खानावळीत त्याचा कप रिकामा राहू लागला. कॉफीचं भांडं त्याच्या टेबलापर्यंत येऊन परत फिरायचं. ड्वेन आला आणि म्हणाला, "सभेला जा." ऑरव्हिलने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "किंवा जाऊ नकोस," ड्वेन म्हणाला.

ऑरव्हिलचा राग आता वाटेल त्याच्यावर निघत होता: मांजरावर, टोस्टरवर, दिवंगत रोलंडवर. पण खरं दुखणं वेगळं होतं. त्या स्पर्धेचं स्वयंपाकघर सव्वीस वर्षं एल्सीने चालवलं होतं. सभेला गेलो तर तिचा फळा जातो, नाही गेलो तर तिची स्पर्धा जाते. तिला विचारावं, तर तीच नाही. एका संध्याकाळी तो स्वयंपाकघरात उभा राहून मोठ्याने तिच्यावरच चिडला, "गेलीस ती गेलीस, वर हे मागे ठेवून गेलीस!" मग खुर्चीत बसला आणि बराच वेळ रडला.

दुसऱ्या दिवशी विल्मा आली आणि नियमांचं पुस्तक टेबलावर आपटून म्हणाली, "वाच. सेक्रेटरीने कधीतरी वाचावं." पुस्तकात खूण घातलेली होती. ऑरव्हिलने ते पान तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा त्याचे कान लाल झाले नाहीत.

त्या रविवारी तो सभेला आला. आत न बसता त्याने खुर्ची दाराच्या उंबरठ्यावर ठेवली, एक पाय माडीवर आणि एक पाय जिन्यात.

"हे काय आता?" ग्लेन म्हणाला. "हजर आहेस का गैरहजर?"

"अजून ठरवलेलं नाही, अध्यक्ष महाराज. विषयपत्रिका वाचू?"

विषयपत्रिका काढण्याचं काम सेक्रेटरीचं. एकोणीस वर्षांत कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आजही दिलं नाही. विषय पहिला, स्पर्धेची तारीख. विषय दुसरा, ऑरव्हिल लिंडगार्ड यांचा राजीनामा. विषय तिसरा, फळा.

"हरकत नाही ना?" ऑरव्हिलने विचारलं.

"हरकत कसली? वाच पटापट, थंडी आहे," ग्लेन म्हणाला. विल्मा पुस्तकात डोकं घालून बसली होती. विषयपत्रिका मंजूर झाली.

स्पर्धेची तारीख एकमताने मंजूर झाली. नेटीने टाळ्या वाजवल्या, पण लोकरी हातमोज्यांत त्या ऐकू आल्या नाहीत. मग ऑरव्हिलने स्वतःचं स्वतःला आलेलं पत्र वाचून दाखवलं. 'आपला, ऑरव्हिल' म्हणून त्याने वर पाहिलं. झाल्या गेल्या गोष्टी कितीही असोत, एकोणीस वर्षं होती. कुणीतरी काहीतरी म्हणेल, असं त्याला अजूनही वाटत होतं.

"राजीनामा मंजूर करावा," विल्मा म्हणाली.

"अनुमोदन," स्टॅन झोपेतच म्हणाला.

"बाजूने? विरुद्ध? मंजूर!" ग्लेन म्हणाला आणि त्याने टेबलावर मूठ आपटली. "विषय तिसरा."

या सगळ्याला स्टॅनला पुन्हा झोप लागायला लागतो तेवढा वेळही लागला नाही. खेद नाही, आभार नाही. क्लबच्या इतिवृत्तांत आजवरचा प्रत्येक राजीनामा 'खेदासह' मंजूर झालेला होता, घर विकून ऊन खायला गेलेल्याचासुद्धा. ते शब्द ऑरव्हिलनेच लिहिले होते. त्याचं तोंड काहीतरी कडू चावल्यासारखं झालं. मग त्याने वही मिटली, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि उंबरठ्यावरची खुर्ची उचलून जिन्याच्या बाजूला ठेवली.

"अध्यक्ष महाराज," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मोजा."

"काय मोजू?"

"डोकी."

ग्लेनने मोजली. विल्मा, नेटी, स्टॅन, आपण स्वतः. पुन्हा मोजली. स्टॅनला हलवून बघितलं.

"चार," विल्मा पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली. "कोरम पाच. ठराव मांडता येत नाही."

"मग रिकामी जागा भरू! ड्वेनला बोलवा, कुणालाही बोलवा!"

"जागा भरायलाही कोरम लागतो. आता एप्रिलातली सर्वसाधारण सभा. सगळे सदस्य ठरवतील."

"एप्रिलात? एप्रिलात बर्फ वितळलेला असतो!"

"असतो," विल्मा म्हणाली.

ग्लेन लालबुंद झाला. हा कट आहे, म्हणाला. तुला राजीनामा नकोच होता, म्हणाला. "हवा होता! मिळाला!" ऑरव्हिल जिन्यातून ओरडला. "शेकोटी म्हणालास तू! शेकोटी! त्या पाट्या तिने अंथरुणात बसून रंगवल्यात, ग्लेन! ब्रश धरवत नव्हता तिला!"

स्टॅन जागा होता.

ग्लेन उठला, दारापाशी आला, उजवा हातमोजा ओढून काढला आणि उघडा हात पुढे केला.

ऑरव्हिलला तो हात घ्यायचा नव्हता. झिडकारावासा वाटत होता. पण पुढे आलेला उघडा हात या गावात आजवर कुणी झिडकारलेला नाही. त्याने घेतला. "छान खेळलास," तो दात आवळून म्हणाला.

आणि जो जिंकतो त्याने हरलेल्याला पेय पाजायचं, समोर बसायचं, हाही रिवाजच. तेव्हा खालच्या बारमध्ये ऑरव्हिल लिंडगार्ड आपल्या पदरच्या व्हिस्कीचा पेला ग्लेन मॅकवर्टरपुढे आदळून त्याच्यासमोर बसला. काचेपलीकडे बर्फ, बर्फाच्या टोकाला फळा. विल्मा शेजारच्या टेबलावर पुस्तक घेऊन.

"तो वाकडा आठ," ग्लेन म्हणाला. "मला वाटायचं खिळा सैल आहे. मी दोनदा ठोकला."

ऑरव्हिलने स्वतःचा पेला उचलून एक घोट घेतला.

"वहीत 'खेदासह' लिही," ग्लेन पेल्यात बघत म्हणाला. "मगाशी राहिलं. मी म्हणतो खेद. लिही."

"लिहिता येणार नाही," विल्मा पलीकडून म्हणाली. "कोरम नाही. आणि तो सेक्रेटरीही नाही."

ऑरव्हिलने पेला खाली ठेवला. राग गेला नव्हता. तो एप्रिलपर्यंत पुरेल इतका होता. तो उठला, पाट्या पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं आणि दारापाशी जाऊन मागे वळला.

"तोंडी चालेल," तो म्हणाला, आणि बर्फावर गेला.